आर्डिस क्वामेचा रविवार

आर्डिस क्वामे दारू विकते, पण पीत नाही. नाताळात कोणी फारच गळ घातली तर वाइनचा एक घोट घेते आणि औषध घेतल्यासारखं तोंड करते. "तीस वर्षं विकतेयस, कधी चव तरी बघ," असं कोणी म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं असतं. "ऑरिन फावडी विकतो. तो कुठे खणायला जातो?"

ऑरिन म्हणजे मी. माझं हार्डवेअरचं दुकान तिच्या दुकानाच्या अगदी समोर आहे, मध्ये फक्त रस्ता. तीस वर्षं आम्ही एकमेकांच्या काचेतून एकमेकांचं गिऱ्हाईक बघत आलोय. ती सकाळी आठला दार उघडते आणि रात्री दहाला बंद करते, सोमवार ते शनिवार. नवरा धडधाकट होता तेव्हा दोघं मिळून करायची, आता एकटी करते. माणूस ठेवायची ऐपत त्या दुकानाची कधीच नव्हती. हॅल्डन गावात बाराशे माणसं, त्यातली निम्मी ल्युथरन चर्चच्या तळघरात कॉफी पिऊनच खूश असतात.

तिची विकायची रीत सांगण्यासारखी आहे. पाद्रीबुवांची मुलगी तिच्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झाली, तरी ती मुलगी बिअर घ्यायला आली तेव्हा आर्डिसने तिच्याकडे वयाचा दाखला मागितला. तिला एकवीस पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते. "चार दिवसांनी ये गं, मी थंड करून ठेवते," म्हणाली. कोणी आधीच झिंगून आला तर आवाज न चढवता म्हणते, "आज नको. उद्या ये." आणि माणूस मुकाट्याने परत जातो. मी स्वतः एकदा असा परत गेलोय. माझ्या बायकोच्या दफनाच्या दिवशी. तेव्हा मला भयंकर राग आला होता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती बटाट्याचं हॉटडिश, ओव्हनमधून नुकतंच काढलेलं, घेऊन माझ्या दारात उभी होती, झाकणावर टॉवेल गुंडाळून.

आता रविवारचं सांगतो. आमच्या मिनेसोटात रविवारी दारूची दुकानं बंद ठेवायची असा कायदा होता. माझ्या आजोबांच्या काळापासूनचा. बारमध्ये बसून प्यायला हरकत नाही, पण बाटली विकत घेऊन घरी न्यायची नाही. त्यात आणखी असं की किराणा दुकानात फक्त पाणचट बिअर मिळायची, खरी बिअर आणि वाइन फक्त आर्डिससारख्या परवानेवाल्यांकडे. नियमांचा नुसता गुंता. आणि आमच्या गावापासून तीन मैलांवर नदी, नदीवर पूल, पुलापलीकडे दुसरं राज्य, विस्कॉन्सिन. तिकडे रविवारी सगळं उघडं. त्यामुळे रविवारी प्रार्थना संपली की आमच्या निम्म्या गावाच्या गाड्या पुलाकडे वळायच्या. माझीही वळायची.

मला ह्या गोष्टीचा मनापासून राग होता. सरकारने मला रविवारी काय विकत घ्यायचं ते सांगावं म्हणजे काय? कॅफेत सकाळच्या कॉफीला आम्ही पाच-सहा जण बसायचो, निवृत्त मास्तर वेंडेल धरून, आणि हिवाळ्यात दुसरं बोलायला काही नसलं की मी हाच विषय काढायचो. पुलावरच्या रांगेचं मी असं वर्णन करायचो की लोक हसून हसून कॉफी सांडायचे. तेच ते वर्णन मी दर वर्षी थोडं सुधारत होतो. दर वर्षी राजधानीत ही बंदी उठवायचं विधेयक यायचं, दर वर्षी पडायचं, आणि माझं भाषण आणखी धारदार व्हायचं.

आर्डिस कधीमधी थर्मासमध्ये कॉफी भरून न्यायला यायची. एकदा तिने ऐकलं.

"तुला रविवारी बिअर हवी तर शनिवारी घेऊन ठेवायला काय होतं रे?" ती म्हणाली.

"शनिवारी लक्षात राहत नाही."

"साठ वर्षांत एकदाही राहिलं नाही?"

वेंडेल मास्तर खो खो हसले. मी म्हटलं, "प्रश्न लक्षात राहण्याचा नाही, आर्डिस. हक्काचा आहे. कायदा बदलला तरी तुला कोण दुकान उघडायला लावणार आहे? तुझी मर्जी. नको असेल तर बंद ठेव."

"हायवेवरचं मोठं दुकान बंद ठेवेल का?"

"ते का ठेवेल?"

"मग माझी मर्जी कसली?" ती थर्मासचं झाकण फिरवत म्हणाली. "सगळ्यांचं बंद असतं तेव्हा मला सुट्टी असते. माझं एकटीचं बंद असलं की गिऱ्हाईक जातं, आणि गेलेलं गिऱ्हाईक सोमवारी परत येत नाही. सात दिवसांत लोक काही जास्त पिणार नाहीत, ऑरिन. सहा दिवसांचंच सात दिवसांत पितील. आणि तुझं दुकान रविवारी बंद का असतं ते सांग की."

"रविवारी खिळे कोणाला लागतात?"

"मागच्या रविवारी मला लागले होते. पडदा पडला होता."

"मग मोटारींचं बघा," वेंडेल मास्तर मध्ये पडले. "आपल्या राज्यात रविवारी मोटारही विकता येत नाही. त्याबद्दल ऑरिन कधी बोलत नाही."

"कारण मोटार त्याला वीस वर्षांतून एकदा लागते," आर्डिस म्हणाली, आणि सगळे माझ्यावर हसले. मीही हसलो. वाद असा असायचा आमचा.

पण तिला रविवार कशासाठी हवा होता, ते मला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

तिचा नवरा डेल्मर. नौदलात होता, नंतर दुकान. कायदा बदलला त्याच्या चार वर्षं आधी दुकानातच, बिअरची खोकी रचता रचता त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. माजी सैनिकांच्या सरकारी निवासात त्याला जागा मिळाली. जागा चांगली आहे, परिचारिका प्रेमळ आहेत, पण आमच्या गावापासून गाडीने दीड तास. रविवारी सकाळची प्रार्थना झाली की आर्डिस निघायची, जेवणाच्या सुमाराला पोहोचायची आणि अंधार पडायच्या आत परत यायची. चार वर्षांत हिमवादळामुळे तिचे फक्त तीन रविवार चुकले होते.

तिथे ती दोघं क्रिबेज खेळायची. आमच्या भागात हा पत्त्यांचा खेळ सगळ्यांना येतो. लाकडाच्या लांबट पाटीवर भोकं असतात, गुण मिळतील तशा त्यात खुंट्या पुढे सरकवायच्या. पानांची बेरीज पंधरा झाली की दोन गुण, जोडी लागली की आणखी दोन. आणि हात मांडताना ते मोठ्याने म्हणायचं असतं, सगळे एकाच चालीत म्हणतात: पंधरा दोन, पंधरा चार, जोडी सहा. डेल्मर आणि आर्डिस लग्नाआधीपासून खेळतात. कोणी किती डाव जिंकले ह्यावरून दोघांची कायमची भांडणं.

तर झटक्यानंतर डेल्मरला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. आर्डिसचंही नाही. पाणी हवं असलं तर बोट दाखवायचा. पण पहिल्यांदा तिने पत्ते वाटले आणि त्याने डाव्या हाताने आपली पानं टेबलावर मांडली, तेव्हा त्याच्या तोंडून आलं, "पंधरा दोन. पंधरा चार. जोडी सहा." स्पष्ट, पूर्वीच्याच आवाजात. तिथली बोलणं शिकवणारी बाई म्हणाली की असं होतं कधी कधी, घोकलेलं तेवढं मागे राहतं.

आर्डिसने हे मला एकदाच सांगितलं, चर्चच्या पायऱ्यांवर बर्फ झाडत असताना. "आठवड्यातून एकदा तो माझ्याशी बोलतो," ती म्हणाली. मग आम्ही हवामानाबद्दल बोललो.

त्या वर्षी फेब्रुवारीत वारं बदललं. विधेयक ह्या खेपेला पास होणार अशी हवा होती. दुकानदारांच्या संघटनेने आर्डिसला फोन केला. छोट्या गावातल्या माणसाने विधिमंडळाच्या समितीसमोर येऊन दोन मिनिटं बोलावं, त्याचा उपयोग होतो, असं म्हणाले. ती आयुष्यात कधी चार माणसांपुढे बोलली नव्हती. तरी हो म्हणाली. पण राजधानीपर्यंतच्या, म्हणजे सेंट पॉलच्या रस्त्यावर बर्फ होतं, आणि शहरात गाडी चालवायला ती घाबरते.

"मी नेतो," मी म्हटलं.

"नको रे. तुझं दुकान आहे."

"नेतो म्हणतोय ना."

"उगाच कशाला. मी बसने जाईन."

"आर्डिस, मी सात वाजता दारात गाडी लावतोय."

"बरं," ती म्हणाली. "मग मी लिंबाच्या वड्या करते."

आमच्याकडे हे असंच चालतं. पहिलं 'नको' हे नको नसतंच. दुसरंही नसतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस हो म्हणतो, त्याआधी म्हटलं तर हावरट दिसतो. कॉफीच्या दुसऱ्या कपासाठीसुद्धा तीनदा विचारावं लागतं. लहानपणापासून हाडात भिनलेलं आहे, इलाज नाही.

वेंडेल मास्तरांनी मला कॅफेत छेडलं होतं. "विधेयकाच्या विरुद्ध बोलणाऱ्या बाईला विधेयकाच्या बाजूचा माणूस घेऊन चाललाय!" मी म्हटलं, शेजारधर्म वेगळा आणि मत वेगळं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं तेव्हा.

समितीची खोली भरून वाहत होती. दाराशी एक कारकून बाई नावं लिहून घेत होती, बाजूने बोलणारे एका कागदावर, विरुद्ध बोलणारे दुसऱ्या. आर्डिसचं नाव विरुद्धच्या यादीत सातवं होतं. बाईने माझ्याकडे पाहिलं, "तुम्ही?" मी गमतीत म्हटलं, लिहा माझंही, बाजूने. तिने शेवटी कुठेतरी लिहिलं. आर्डिस हसली.

एकदा ह्या बाजूचा, एकदा त्या बाजूचा, असे लोक बोलत होते. दोन मिनिटं झाली की टेबलावर लाल दिवा लागायचा. एक सुटातला माणूस आकडे सांगून गेला, सीमेपलीकडे किती कर जातो वगैरे. एक पाद्री. एक दाढीवाला तरुण, तो स्वतः बिअर गाळायचा. आर्डिस माझ्या शेजारी मांडीवर पर्स घेऊन ताठ बसली होती. आतला भाषणाचा कागद तिने चारदा काढून वाचला.

सातवं नाव पुकारायच्या आधी मागच्या रांगेत एक तान्हं मूल रडायला लागलं. त्याची आईही बोलायला आली होती. आर्डिस उठून कारकून बाईपाशी गेली. "तिला आधी बोलू दे. बाळ दमलंय." नाव खाली गेलं. मग काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ उभे होते, बसायला जागा नव्हती. "त्यांना आधी घ्या, मी बसलेय आरामात." नाव आणखी खाली गेलं. मग डुलुथहून आलेला एक दुकानदार, त्याची बस चुकणार होती. मी तिच्या कानात म्हटलं, "अगं, तुझं राहील अशाने."

"इतक्या लांबून आलाय बिचारा," ती म्हणाली.

शेवटी अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "दोनच नावं उरलीत, आणि वेळ एकाचाच आहे. आर्डिस क्वामे, किंवा ऑरिन बाक्के."

आर्डिस उभी राहिली. कागद हातात होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि अध्यक्षांना म्हणाली, "ऑरिनने मला बर्फातून इथवर आणलंय. त्याला बोलू दे."

"नक्की?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो, हो. माझं काय एवढं."

अध्यक्षांनी एकदाच विचारलं. शहरातला माणूस, त्याला काय माहीत. पण मला माहीत होतं. मी तिला म्हणायला हवं होतं की तू बोल. तीनदा म्हणायला हवं होतं. पण सगळी खोली माझ्याकडे बघत होती, कोणीतरी माझ्यासाठी खुर्ची सरकवली, आणि मी जाऊन माइकपुढे बसलो. तिच्या मनातलं सांगावं असं क्षणभर वाटलं, खोटं नाही सांगत. पण तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते वीस वर्षं कॅफेत घोटलेलं.

"माझ्या चर्चपासून विस्कॉन्सिनचा पूल तीन मैलांवर आहे," मी म्हटलं. "प्रवचन लांबलं की लोक देवाकडे नाही, घड्याळाकडे बघतात. मग पुलावर गाड्यांची रांग. आणि रांगेत चौथी गाडी पाद्रीबुवांची. आपलं राज्य आम्हाला पिऊ नका म्हणत नाही. फक्त शेजाऱ्याकडे जाऊन प्या म्हणतं."

खोली हसली. समितीतले लोकही हसले, एकीने तर डोळे पुसले. मी आणखी दोन वाक्यं बोललो, हक्कांबद्दल. लाल दिवा लागायच्या आत संपवलं. उठताना मला मजा वाटत होती. जागेवर परत आलो तेव्हा आर्डिस कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवत होती.

परतीच्या वाटेवर तिने वड्यांचा डबा उघडून मधल्या खोबणीत ठेवला. चाळीस मैल आम्ही रस्त्यावरच्या बर्फाबद्दल बोललो.

"माझं बोलणं कसं वाटलं?" शेवटी मीच विचारलं. गप्प राहवत नाही मला.

"वेगळं होतं," ती म्हणाली.

आमच्याकडे एखाद्याच्या घरचं जेवण अजिबात घशाखाली उतरलं नाही की त्याला 'वेगळं होतं' म्हणतात. मी विचारलं, "तुला वाटलं होतं का, की मी तुझ्या बाजूने बोलेन?"

"नाही रे. तुझं मत मला माहीतच होतं. पाळी तुझी होती, तू बोललास." मग डबा माझ्याकडे सरकवत म्हणाली, "वडी घे ना. सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

तिने मला तीनदा विचारलं आणि मी घेतली.

विधेयक पास झालं. माझ्यामुळे झालं असं म्हणायला मी मूर्ख नाही; मतं आधीच ठरलेली होती, पुढच्या आठवड्यात दोन्ही सभागृहांत भराभर झालं. पण पेपरात पाद्रीबुवांच्या गाडीचं वाक्य छापून आलं, माझ्या नावासकट. वेंडेल मास्तरांनी ते कापून कॅफेच्या भिंतीवर लावलं. पाद्रीबुवा मला महिनाभर नुसतं मान हलवून नमस्कार करत होते.

जुलैपासून कायदा लागू झाला. रविवारी सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा. हायवेवरच्या मोठ्या दुकानाने महिनाभर आधीच गाडीच्या आकाराचा फलक लावला. आर्डिसने तिच्या दारावर हाताने लिहिलेला छोटा कागद चिकटवला, त्यात रविवारची वेळ शेवटच्या ओळीत होती.

पहिल्या रविवारी प्रार्थना संपली आणि मी पुलाकडे न वळता चालत तिच्या दुकानात गेलो. मोठ्या तोऱ्यात. आत कोणी नव्हतं. ती गल्ल्यामागे उभी होती आणि कानाला फोन होता.

"डेल्मर, मी आहे," ती म्हणत होती. "आज मला येता नाही आलं. दुकान उघडं आहे. डेल्मर? मी आर्डिस." मग ती ऐकत राहिली. मलाही ऐकू येत होतं, म्हणजे काही ऐकू येत नव्हतं हेच ऐकू येत होतं. "बरं. पुढच्या खेपेला बघते कसं जमतं ते. नर्सकडे दे फोन." तिने फोन ठेवला आणि माझ्यासाठी थंड सहा डब्यांचा पुडा काढला, न विचारता.

"बोलला का काही?" मी विचारलं.

"फोनवर नाही जमत त्याला. पत्ते हातात असावे लागतात."

"सकाळी लवकर जाऊन अकराच्या आत नाही का येता येणार?"

"सकाळी त्याची आंघोळ, व्यायाम असतो. पहाटे पाचला निघाले तरी त्याच्याजवळ बसायला वेळ मिळत नाही. आणि सहाला बंद करून जावं तर तो सातला झोपतो."

"मी बसू का दुकानात? तू जा."

"नको रे. तुझा एकच तर दिवस असतो. जमेल मला."

मी डबे उचलले आणि म्हटलं, बरं. एकदाच विचारलं. तिचं 'नको' काय असतं ते ह्या गावात माझ्याइतकं कोणाला माहीत असेल? पण तळ्यावर मासे चांगले लागत होते, बिअर थंड होती, आणि कायदेशीर होती. मी होडीत जाऊन बसलो. पुढच्या रविवारीही तेच केलं, आणि ह्या खेपेला तर विचारलंही नाही. तळ्यावर जाता-येता काचेतून ती दिसत होती, उभी. तासाला दोन-तीन गिऱ्हाइकं येतात, असं तीच म्हणाली. बहुतेक जण शनिवारी येणारेच, फक्त एक दिवस उशिरा आलेले.

तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी, तिच्या दुकानाच्या दाराची बिजागरी बसवायला गेलो होतो. स्क्रू फिरवता फिरवता म्हटलं, "उद्या मी बसतो."

"नको."

"बसतो म्हणतोय ना."

"अरे, कशाला उगाच. तुझी होडी—"

"आर्डिस, किल्ली दे."

तिने गळ्यातली किल्ली काढून दिली आणि मला पंधरा मिनिटं दाखले कसे तपासायचे ते शिकवलं, जसा काही मी कालच राज्यात आलोय.

तो रविवार मी अकरा ते सहा उभा होतो. पाय भरून आले. लोकांनी माझी भरपूर चेष्टा केली, हार्डवेअरवाला बिअर विकतोय म्हणून. एका पोराला मी दाखला मागून परत पाठवलं आणि मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. पावणेसहाला तिची गाडी आली. ऊन अजून रस्त्यावर होतं. ती आत आली, पर्स खुंटीला लावली आणि गल्ल्यामागे येऊन माझ्याकडून एप्रन घेतलं.

"कसं झालं?" मी विचारलं.

"मला बघून खूश झाला. माझा हात सोडत नव्हता." ती एप्रनची गाठ मारत होती. "मी पत्ते वाटले. त्याने पानं मांडली, बरोबर मांडली. मग बघत बसला."

"बोलला नाही?"

"नाही. मी थांबले. मग मीच सुरू करून दिलं, पंधरा दोन म्हणून. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. ती शिकवणारी बाई म्हणाली, असं होणारच होतं कदाचित, आज नाहीतर चार महिन्यांनी. म्हणाली, सांगता येत नाही."

 दोन रविवार. होडी, मासे, थंड बिअर. तिचं पहिलं 'नको' मी हातोहात पकडलं होतं. मी खाली मान घालून गल्ल्यावरची पावतीची गुंडाळी उगाच सरळ करत राहिलो.

"आर्डिस, माझं चुकलं," मी म्हटलं. "त्या दिवशी तिथे, आणि नंतरही. दोन्ही वेळा."

 ती दारावर बंदची पाटी फिरवून आली.

"पुढच्या रविवारी बसशील?"

"दर रविवारी बसेन."

तिने नको म्हटलं नाही. एकदाही नाही.

त्यानंतर आजवर मी तिथे दर रविवारी असतो, आणि ती तिकडे. संध्याकाळी मी विचारतो कसं झालं, आणि ती सांगते. "बरं चाललंय," ती म्हणते. "तो पानं मांडतो. मोजते मी. आधी त्याचं, मग माझं."